माणूस बघत असेल तरच रंग

२ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी फुकटची आहे, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा नकोत. आमच्या छापखान्याचं हे शेवटचं काम. यात सप्टेंबरला एकतीस दिवस छापलेत. मुद्रितं कोणी तपासली होती ते विचारू नका. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि जाता जाता जगाला एक अख्खा दिवस जास्तीचा देऊन बसलो. गिऱ्हाइकाने गठ्ठे परत पाठवले. मालकांनी छापखान्याला कुलूप लावताना बारा डायऱ्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "घ्या, तुमचीच करणी."

जुलैपासून मी एका कंपनीत आहे. एक खोली, सहा माणसं, आणि कॉफीचं बटण दाबलं की गरम पाणी देणारं एक यंत्र. हे लोक रुग्णालयांसाठी एक प्रोग्राम बनवतात. औषधांच्या फ्रीजमध्ये गारवा नीट आहे का, याच्यावर तो लक्ष ठेवतो आणि दर तासाला काळ्या पडद्यावर प्रत्येक फ्रीजची एकेक ओळ टाकतो. फ्रीज ठीक असला तर ओळ हिरवी, बिघडला असला तर लाल. तो प्रोग्राम कसा वापरायचा याची मदतीची पानं मी लिहायची. तीन महिने चाचणी. तीस तारखेला आमच्या प्रमुख मॅडम ठरवणार, मी राहतो की जातो. बावन्नाव्या वर्षी चाचणी! दहावीला एवढी धाकधूक नव्हती.

आज मॅडमनी नवीन काम दिलं. पानांवर नमुन्याच्या ज्या ओळी दाखवतो त्या सगळ्या करड्या दिसतात. पडद्यावर असतात तशा त्या रंगीत दिसायला हव्यात. "काका, रंगच नसेल तर त्या पानाला काही अर्थ नाही," म्हणाल्या.

हो म्हणून आलो. रंग लावायला काय मोठी अक्कल लागते?

५ सप्टेंबर, शुक्रवार

लागते.

नमुन्याच्या ओळी मी टाइप करायच्या नसतात. पानं बांधणारा एक वेगळा प्रोग्राम आहे. तो आमचा फ्रीजवाला प्रोग्राम स्वतः चालवून बघतो आणि जे बाहेर पडेल ते जसंच्या तसं पानावर चिकटवतो. म्हणजे पान कधी खोटं बोलत नाही. विचार चांगला आहे. फक्त चिकटवलेल्या ओळींत रंगाचा पत्ता नाही.

शेवटी दाढीकडे गेलो. फ्रीजवाला प्रोग्राम याने लिहिला. वय सत्तावीस असेल, पण दाढी एखाद्या निवृत्त न्यायाधीशाची. सगळेच त्याला दाढी म्हणतात, तोही ओ देतो.

"काका, तो आधी बघतो, समोर खरा पडदा आहे का," दाढी म्हणाला. "म्हणजे कोणी माणूस बघतोय का. माणूस नसेल तर तो रंग काढतच नाही."

"का बरं?"

"कोणासाठी काढायचा?"

मला हसू आवरेना. आमच्या छापखान्यातला यंत्रवाला अगदी असाच होता. मालकांची चप्पल वाजली की याच्या कपाळावर घाम. दाढीने मग आज्ञेची एक ओळ सांगितली. ती लिहिली की प्रोग्रामला वाटतं, समोर माणूस बसलाय.

"म्हणजे त्याला थाप मारायची."

"हो."

"एवढंच ना! मग जमेल."

८ सप्टेंबर, सोमवार

थाप मारली. पानं बांधली. उघडून बघतो तर काय, प्रत्येक ओळीच्या आधी घाण. उघडा चौकोनी कंस, मग ३२, मग इंग्रजी m. कुठे ३२, कुठे ३१. आणि कंस उघडून ठेवलेला, बंद करायचं नाव नाही! ही कुठली रीत? सव्वीस वर्षांत असा गचाळ मजकूर मी दारातून बाहेर जाऊ दिला नाही. (एकतीस सप्टेंबर सोडून.)

दिवसभर बसून एकेक करून सगळे पुसले. एकशे बारा जागा. डोळ्यांतून पाणी आलं, पण पानं कशी लख्ख झाली. साडेपाचला छाती पुढे काढून दाढीला दाखवायला गेलो. त्याने पाहिलं, खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काका, तेच रंग होते."

"कोणते?"

"एकतीस म्हणजे लाल, बत्तीस म्हणजे हिरवा. तुम्ही हाताने रंग पुसत बसलात. दिवसभर!"

मग तो इतका हसला की मॅडम काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या. त्यांना सांगितल्यावर त्याही हसल्या. मीही हसलो, नाहीतर करणार काय? पण जागेवर येऊन तीस तारखेपर्यंतचे दिवस मोजले. बावीस दिवस राहिलेत.

घरी येताना हिने सांगितलेले टोमॅटो घेतले. पिशवी उघडून ही म्हणाली, "अहो, हे काय? एक तरी पिकलेला आहे का यात?" मी म्हणालो, दुकानदाराने फसवलं. ही म्हणाली, दुकानदाराला तुम्ही लांबून ओळखू येता. सत्तावीस वर्षं हेच ऐकतोय. सकाळी शर्टसुद्धा हीच काढून ठेवते, जसं काही मी बालवाडीत जातोय.

९ सप्टेंबर, मंगळवार

मदतीचा फोन माझ्याच टेबलावर असतो. त्याच्यावर आठवड्यातून तीनदा एका रुग्णालयाच्या औषधभांडारातले एक गृहस्थ बोलतात. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "नमस्कार, परत मीच." म्हणून ऑफिसात त्यांचं नावच 'परत मीच' पडलंय. त्यांचा प्रश्नही ठरलेला. पडद्यावर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, तर यातला बिघडलेला फ्रीज कोणता?

"लाल ओळीचा," मी पाठ केल्यासारखं सांगतो.

"हो, ते झालंच. पण नंबर कितीचा?"

मग दाढी आकडे काढून नंबर सांगतो आणि फोन ठेवल्यावर त्यांची नक्कल करतो. सगळे खो खो हसतात. नक्कल छान करतो, खोटं का बोला.

पण मला त्या माणसाचं थोडं पटतं. ओळीत लिहिलेलं काय असतं? 'फ्रीज ४, तपासला.' फ्रीज ठणठणीत असला तरी 'तपासला' आणि बंद पडला असला तरी 'तपासला'. आज मी बैठकीत विचारलं, वेगळा शब्द का नाही टाकत? दाढी म्हणाला, "काका, रंग बोलतो की. शब्द कशाला?" मॅडम म्हणाल्या, आधी रंग तर येऊ द्या पानावर.

११ सप्टेंबर, गुरुवार

झालं! त्या कंसांतल्या आकड्यांचे पानाला कळतील असे रंग करणारा एक छोटा प्रोग्राम मिळाला. पुसायचे नव्हतेच ते, पानाच्या भाषेत उतरवायचे होते. तीन दिवस झगडून तो पानं बांधणाऱ्या प्रोग्रामच्या गळ्यात अडकवला. मी, एकट्याने! दुपारी मोठ्या पडद्यावर पान लावलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाढीसुद्धा म्हणाला, "मानलं काका."

खरं सांगायचं तर एवढं काय झालंय ते मला कळलं नाही. करड्याच्या जागी जरा उबदार काहीतरी आलं होतं. पण टाळ्या वाजत असताना प्रश्न विचारू नयेत, एवढं मी छापखान्यात शिकलोय.

मॅडमना पांढऱ्या पानावर ते रंग भडक वाटले. "जरा सौम्य करा. तुम्हीच निवडा, तुमच्यावर सोपवते." तुमच्यावर सोपवते! असं मला शेवटचं कोणी म्हटलं होतं ते आठवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज दिवसभर रंग निवडले. पडद्यावर एक चौकोन उघडतो, त्यात बोट फिरवायचं आणि आवडेल तिथे टिचकी मारायची. दोन अगदी सुरेख छटा काढल्या, एक किंचित गडद, एक किंचित फिकी. शांत, सभ्य. नाहीतरी मला भडकपणा आवडत नाही. छापखान्यात सगळे मुद्रितशोधक लाल शाई वापरायचे, मी जन्मभर निळी मागून घेतली. लाल शाई काळ्या अक्षरांत उठूनच दिसत नाही, लोकांना तिचं एवढं कौतुक का ते मला आजवर कळलेलं नाही.

पानं बांधली, संध्याकाळी सगळ्या रुग्णालयांना पाठवली आणि शीळ घालत घरी आलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

शीळ घशात गेली.

सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर माझं पान. बोट ठेवून म्हणाल्या, "हा कोणता रंग आहे?"

"लाल."

"आणि हा?"

"हिरवा."

माझ्याकडे बघत राहिल्या. दाढी दारात उभा होता, तोही बघत राहिला. "काका," मॅडम म्हणाल्या, "बैठकीत तुमचं म्हणणं ऐकलं नाही याचा राग असेल तर तोंडावर सांगा. हा असला खोडसाळपणा नको. दोन्ही ओळी चिखलाच्या रंगाच्या आहेत आणि त्यातही जी ठीक आहे तीच जास्त लाल!"

खोडसाळपणा? मी? दिवसभर बसून, निगुतीने निवडलेल्या छटा! यांना भडक नको म्हणून सौम्य केलं, आता सौम्य नको. मी म्हणालो, "मॅडम, मला तरी चांगले दिसतात." त्या म्हणाल्या, "तीस तारीख लक्षात आहे ना?"

रंग आता दाढी लावणार आहे. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, निषेध भारी होता, पण वेळ चुकली." यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट बातमी. 'परत मीच'च्या रुग्णालयात चार नंबरचा फ्रीज दीड दिवस बंद होता आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. लहान मुलांच्या लसी होत्या, सगळ्या फेकाव्या लागल्या. दर तासाला ओळ येत होती, लाल येत होती. छत्तीस लाल ओळी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या.

त्यांनी फोन का केला नाही? केला होता. बुधवारी. नेहमीसारखं, "नमस्कार, परत मीच." दाढी जागेवर नव्हता. मी म्हणालो, "अहो, लाल ओळ बघा की. पानावर सगळं दिलंय." ते म्हणाले, "बरं, बघतो. तुम्हाला सारखा त्रास देतो." आणि फोन ठेवला.

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

त्यांच्यावर चौकशी बसली आहे. निष्काळजीपणा. एकोणीस वर्षं त्या भांडारात काढली त्यांनी. रुग्णालयाने आपल्याला विचारलंय, प्रोग्रामने इशारा दिला होता का? मॅडमनी मला उत्तराचा मसुदा करायला सांगितलं. इशारा लाल रंगात स्पष्ट होता, मदतीच्या पानावरही तो स्पष्ट आहे, पान सोबत जोडत आहोत. थोडक्यात, त्यांचं तेच बघतील.

जोडायचं म्हणून पान उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. दाढीने रंग बदललेच नव्हते! माझे जसे होते तसेच दोन्ही सारखे. आठ दिवस नुसता बसून पगार खातोय. तरातरा त्याच्या टेबलाशी गेलो.

"माझ्यावर चिखल उडवता आणि स्वतः हातही लावला नाहीस? काय बदललंस यात?"

त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मस्करी करतोय का ते बघत होता.

"काका, यातली लाल ओळ दाखवा."

"तू ओळींचं सोड..."

"दाखवा हो."

मी बोट ठेवलं. त्याने खणातून वायरींची जुडी काढली, चार वायरी टेबलावर टाकल्या. "यातल्या दोन हिरव्या आहेत. उचला." मला वाटलं चेष्टा चाललीय, म्हणून पटकन दोन उचलून त्याच्या हातात दिल्या. दाढीचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याशी चेष्टेचा सूर सोडून बोलला.

"काका, या दोन्ही लाल आहेत."

घरी येऊन हिला सांगितलं. ही खुर्चीवर बसली. बराच वेळ टोमॅटोंच्या टोपलीकडे बघत होती. मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी तुम्हाला वेंधळे म्हणत आले हो." डोळे भरून आले तिचे. मी म्हणालो, आता कळलं ना, यापुढे म्हणू नकोस. तिने पदर डोळ्यांना लावला, तेवढ्यात तिची नजर माझ्या पायांकडे गेली. एक मोजा लांब होता, एक आखूड.

"वेंधळेच आहात," म्हणाली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पहाटेच जाग आली ती एकाच विचाराने. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. हे वाक्य कोणाचं?

ऑफिसात कोणी यायच्या आधी फोन लावला. या वेळी मीच म्हणालो, "नमस्कार, मी मदतीच्या फोनवरचा." पलीकडून आवाज खचलेला. "बोला. आता काय राहिलंय?"

"एकच विचारायचं होतं. तुमच्या घरी टोमॅटो कोण आणतं?"

मला वाटलं, शिवी देऊन फोन ठेवणार.

"बायको," ते म्हणाले. "मला आणू देत नाही. कच्चे आणतो म्हणते. का हो?"

पाणी प्यायलो, मग सगळं सांगितलं. वायरी, शर्ट, निळी शाई. ते मध्ये एकदाच म्हणाले, "म्हणजे इतरांना ते खरंच वेगळं दिसतं?" मी म्हणालो, हो, खरंच. ते म्हणाले, "मला वाटायचं, लोकांची नजर माझ्यापेक्षा सरावलेली आहे. शिकून येईल. म्हणून तर सारखा फोन करायचो."

आणि आम्ही हसायचो. मी पण.

२४ सप्टेंबर, बुधवार

मसुदा केला, मॅडमनी सांगितला त्याच्या नेमका उलटा. दोन्ही वेळी आमचा प्रोग्राम एकच शब्द लिहितो, फरक फक्त रंगात आहे. ज्याला लाल-हिरवा ओळखता येत नाही त्याला तो इशारा मिळतच नाही. हे पान ज्याने लिहिलं त्यालाही ते वाचता येत नाही. तो मी. भांडारातल्या गृहस्थांनी हे आम्हाला वारंवार फोन करून सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. खाली सही केली आणि माझे ते चिखलाचे रंगही पुरावा म्हणून जोडले.

मॅडमच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो. सहा दिवसांनी निकाल आणि मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. काचेतून दिसत होतं, मॅडम दोनदा वाचत होत्या. मग दाढी न बोलावता आत गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण हात बरेच हलवत होता.

तासाभराने मॅडमनी कागद आणून दिला. "हे पाठवलं तर आपलं काय होईल, विचार केलाय?"

"केलाय."

"मीही केला," म्हणाल्या. "एक वेलांटी चुकली आहे. ती सुधारा आणि पाठवा."

माझी वेलांटी! पण खरंच चुकली होती.

दाढीने संध्याकाळपर्यंत प्रोग्राम बदलला. आता ओळीत 'ठीक' किंवा 'धोका' असा शब्द येतो. किती वेळ लागला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "दहा मिनिटं."

३० सप्टेंबर, मंगळवार

निकाल. मॅडम म्हणाल्या, चाचणी आणखी तीन महिने. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पानं लिहायला घेतलं होतं, रंगाऱ्याचं काम करायला लावलं. ती परीक्षा धरत नाही." यंत्रातून गरम पाणी घेतलं आणि कॉफी समजून प्यालो.

'परत मीच'ची काही खबर नाही. चौकशी आज होती.

३१ सप्टेंबर

म्हणजे खरं तर एक ऑक्टोबर. पण छापलेलं पान कोरं का सोडा?

दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, परत मीच."

खोलीतलं टायपिंग थांबलं. दाढीने खुर्ची वळवली. मी विचारलं, "कुठून बोलताय?"

"कुठून म्हणजे? भांडारातून. डोळे तपासले माझे, चौकशी मिटली. ऐका, फ्रीज दोन, धोका, बारा वाजता. मीच वाचलं. औषधं तीन नंबरमध्ये हलवली, मिस्त्री बोलावलाय. विचारायचं काही नाही, फक्त सांगायला केला."

मी म्हणालो, छान केलंत. ते फोन ठेवेनात.

"आणि काल टोमॅटो मी आणले," म्हणाले.

"कसे निघाले?"

"कच्चे. सगळेच्या सगळे. पण बायको काही बोलली नाही. म्हणाली, पुढच्या वेळी दाबून बघा."